गहू सोडण्याआधी रक्ताची तपासणी

गव्हाच्या पिठात पाणी घालून कणीक मळली की पिठातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंततात आणि लवचीक जाळे तयार होते. हेच ग्लुटेन. त्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांच्या पिठात असे जाळे बनत नाही. म्हणून ज्वारीच्या पिठाला गरम पाणी घालून त्यातल्या स्टार्चचा चिकटपणा मिळवावा लागतो आणि भाकरी हाताने थापावी लागते. जव आणि राय या धान्यांत मात्र ग्लुटेनसारखीच प्रथिने असतात.

बहुसंख्य लोकांना ग्लुटेन पचते. ज्यांना ते अपाय करते, त्यांच्या आजारांतला सर्वांत गंभीर म्हणजे सिलियाक. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्या काही जणांची प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. जुलाब, पोटफुगी, औषधांनी न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हे रुग्ण सुधारतात आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडतात, असे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या लक्षात आले. गव्हाचा संबंध मांडणारा त्यांचा प्रबंध १९५० मध्ये आला. आजही आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच यावरचा उपचार आहे.

भारतात या आजाराचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात दर हजारी सुमारे साडेआठ, तर दक्षिणेत दर हजारी एकापेक्षाही कमी रुग्ण आढळले. जनुकांचे प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखे होते. खाण्यातल्या गव्हात मात्र मोठा फरक होता. पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडेसारख्या औद्योगिक गावात ही बाब महत्त्वाची ठरते. इथल्या कारखान्यांत आणि आयटी पार्कमध्ये गव्हाच्या पोळीवर वाढलेले उत्तर भारतीय आणि भाकरीवर वाढलेले सोलापूर-मराठवाड्याकडचे लोक एकत्र काम करतात. भाकरीची सवय असलेल्यांच्या ताटातही शहरात पोळी, पाव, खारी आणि बिस्किटे रोज येऊ लागतात.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे. तिसऱ्या गटातल्यांना सिलियाकही नसतो आणि ॲलर्जीही नसते, पण गहू खाल्ला की पोट बिघडते. नॉर्वेत २०१८ मध्ये अशा ५९ जणांवर प्रयोग झाला. त्यांचा त्रास ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने जास्त वाढला. फ्रुक्टान गव्हात असते, तसेच कांद्यात आणि लसणातही असते. अशा माणसाने केवळ गहू सोडून कांदा-लसूण तसाच ठेवला, तर आराम अर्धवटच पडतो.

निरोगी माणसाला गहू सोडून विशेष लाभ होतो, असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्यसेवकांच्या दीर्घ पाहणीत जास्त ग्लुटेन खाणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही. वडापाव, बिस्किटे आणि केक बंद झाल्याने वजन उतरते, हलके वाटते. त्याचे श्रेय मैदा, साखर आणि तेल कमी होण्याला जाते. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेले तयार पदार्थ महाग असतात आणि अनेकदा त्यांत तंतुमय भाग कमी असतो.

ज्यांना ग्लुटेन खरोखरच टाळायचे आहे, त्यांना महाराष्ट्राचे स्वयंपाकघर मोठा आधार देते. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, वरी, राजगिरा, आणि १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी हे सारे निसर्गतःच ग्लुटेनमुक्त आहे. धोका लपलेल्या गव्हाचा असतो. रवा, शेवया आणि लापशी गव्हाचीच. मेतकूट, सातूचे पीठ आणि काही भाजण्यांत गहू असतो, बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारीही रुग्णाला चालत नाही, कारण ग्लुटेनमुक्त अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. कॅन्टीनमध्ये पोळी आणि भाकरी एकाच तव्यावर भाजली, तरी हीच अडचण येते. रुग्णासाठी वेगळे जाते किंवा छोटी घरगुती गिरणी, वेगळा तवा आणि वेगळा डबा हवा.

सिलियाकची शंका आल्यास टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करतात आणि गरजेनुसार दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच सोडला असेल, तर रक्तातली प्रतिद्रव्ये उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून पोटाची तक्रार किंवा रक्तक्षय सतत राहत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे, तपासणी होईपर्यंत नेहमीचे जेवण चालू ठेवावे आणि गहू सोडण्याचा निर्णय अहवाल हाती आल्यावरच घ्यावा.