🍄 रानातली अळंबी की शेडमधली धिंगरी? ताकद कशात?



गेल्या आठवड्यात पाटणकडच्या एका सभासद दादांनी बांधावरच्या अळंबीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "साहेब, रानातली आहे, ताकदीची असणार. रात्री भाजी करू का?" मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, दादा, थांबा. का थांबा म्हटलं, ते आज सगळ्यांसाठी लिहितोय.

*अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?*
विळा पावसात राहिला की गंजतो. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हे ऑक्सिजनचं काम. आपल्या शरीरातही रोजच्या कामातून असे त्रासदायक कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणारे घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट. अळंबीत मुख्यतः तीन: फेनॉल गटातले घटक, ग्लुटाथायोन आणि अर्गोथायोनिन.

यातलं अर्गोथायोनिन लक्षात ठेवा. बाजरीवरचा अरगट रोग तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच जातकुळीतल्या, राय धान्यावरच्या बुरशीत १९०९ साली हा घटक पहिल्यांदा सापडला. आपलं शरीर तो बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळतो. आणि तो पेशीत ओढून घेण्यासाठी शरीरात खास प्रथिन असतं, हे २००५ साली कळलं. भाजी शिजवली तरी तो फारसा नष्ट होत नाही. तपासण्यांमध्ये पांढऱ्या बटन मशरूमपेक्षा धिंगरीत तो कित्येक पट जास्त आढळला आहे.

*मग रानातली जास्त चांगली नाही का?*
काही रानअळंबीत फेनॉल भरपूर असतात, हे खरं. पण जात, जागा आणि वय यांप्रमाणे ते बदलतं. आणि तीन गोष्टी विसरू नका:

▪️ अळंबी जमिनीतलं शिसं, कॅडमियम शोषून घेते. रस्त्याकडेची, कारखान्याजवळची, तणनाशक मारलेल्या बांधावरची नकोच.
▪️ चांदी काळी पडते का, लसूण काळा होतो का, किड्याने खाल्ली आहे का, या सगळ्या परीक्षा *खोट्या* आहेत. विषारी अळंबीही किडे खातात.
▪️ अमानिटा जातीतल्या काही अळंबींचं विष ६ ते १२ तासांनी, कधी त्याहून उशिरा जाणवतं. उलट्या-जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटतं, आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. *१०८ ला फोन करा, उरलेली अळंबी सोबत न्या.*

पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. ती वाळवीच जोपासते, आपल्याला शेडमध्ये घेता येत नाही. घरातल्या जाणत्या माणसाला पक्की ओळख असेल तरच घ्या, आणि वारूळ खणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं काही येणार नाही. फोटोवरून ओळख मी सांगणार नाही, कुणीही सांगू नये.

*धिंगरी: आपल्या हातातली ताकद*
सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड आपल्याकडे आहेच.
✅ काड ८ ते १२ तास भिजवा, मग ८० अंश गरम पाण्यात तासभर ठेवून निथळा.
✅ ओल्या काडाच्या २ टक्के स्पॉन थराथराने भरा. स्पॉन खात्रीच्या ठिकाणचंच घ्या.
✅ १५ ते २० दिवस अंधारात ठेवा. पिशवी पांढरी झाली की उजेड, खेळती हवा आणि ८० ते ८५ टक्के ओलावा द्या. तापमान २० ते ३० अंश.
✅ शेडमध्ये जाताना तोंडाला मास्क लावा. बीजाणूंनी खोकला, दमा होतो.

*ताकद टिकवायची कशी?*
कडा वर वळायच्या आत काढा. दाबू नका, आपटू नका. बटन मशरूमवर डाग पडतो तो फेनॉल खर्ची पडल्याचा. बाजारात दर पडतो तो वेगळाच. भाजी करताना उकळून पाणी फेकू नका, कमी पाण्यात परता. काढल्यावर पडदे वर करून दुपारच्या उन्हात २० मिनिटं ठेवलं तर ड जीवनसत्त्वही वाढतं. शिल्लक माल वाळवा. १० किलो ओल्याचा साधारण १ किलो होतो.

*पाकिटावर काय लिहू नये*
"कॅन्सर बरा करते", "शुगर घालवते" असं *अजिबात नको*. प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट दिसणं वेगळं आणि माणसाचा आजार बरा होणं वेगळं. ते सिद्ध झालेलं नाही. शिवाय १९५४ च्या कायद्याने अशी जाहिरात गुन्हा आहे. कुणाच्या घरच्या पेशंटने आपल्या पाकिटावर विश्वास ठेवून गोळ्या बंद केल्या तर? "ताजी, स्वच्छ, पौष्टिक" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

पाटणच्या दादांनी ती अळंबी खड्ड्यात पुरली. आता ओसरीच्या खोलीत चार पिशव्या भरायच्या म्हणतायत. तुम्हालाही करायचं असेल तर या मेसेजला "धिंगरी" असं लिहून पाठवा, मी फोन करतो.

हा मेसेज घरच्या बायाबापड्यांनाही वाचून दाखवा. भाजी त्याच निवडतात.

तुमचा,
कृषी सल्लागार 🌱