भिंतीसाठी बनवलेला बबल रॅप पॅकिंगच्या खोक्यात कसा पोहोचला?

पार्सल घरी आलं की आतली वस्तू ज्याने मागवली त्याची असते, पण तिच्याभोवती गुंडाळलेला बबल रॅप मात्र सगळ्यांचा असतो. लहान मुलं त्यासाठी भांडतात. मोठी माणसंही फोनवर बोलता बोलता नकळत एकेक फुगा दाबत बसतात. फट्, फट्, फट्!

गंमत अशी की हा बबल रॅप ना फोडण्यासाठी बनला होता, ना पॅकिंगसाठी. ज्या दोघांनी तो बनवला, त्यांना तो चक्क घराच्या भिंतीवर चिकटवायचा होता. तो बेत फसला. त्यानंतरचा दुसरा बेतही फसला. मग एका कॉम्प्युटरने त्याचं नशीब पालटलं.

या सगळ्या गोष्टीत खरं काम करते ती आत कोंडलेली हवा. तिच्यामुळेच बबल रॅप जगभर खपला आणि तिच्यामुळेच आज तो कचऱ्यात नकोसा झाला आहे. कसं, ते पाहू.

बाथरूमचे दोन पडदे आणि एक गॅरेज

साल १९५७. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं हॉथॉर्न हे गाव. आल्फ्रेड फील्डिंग हे इंजिनिअर आणि मार्क शावान हे मूळचे स्वित्झर्लंडचे संशोधक, असे दोघे एका गॅरेजमध्ये खटपट करत होते. प्लास्टिकचा, हाताला उंचसखल लागणारा वॉलपेपर बनवायचा, ही त्यांची कल्पना.

त्यासाठी त्यांनी बाथरूममध्ये लावायचे प्लास्टिकचे दोन पडदे घेतले आणि उष्णतेने चिकटवणाऱ्या मशीनमधून एकत्र काढले. बाहेर आलेल्या तुकड्यात दोन थरांच्या मध्ये हवेचे फुगे अडकले होते.

फील्डिंग यांचा मुलगा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. वडिलांनी बनवलेला हा नमुना हातात आल्यावर त्याने काय केलं असेल? तेच, जे आपण सगळे करतो. फुगे दाबून फोडले. म्हणजे बबल रॅप फोडण्याची हौस जवळपास बबल रॅपइतकीच जुनी आहे.

वॉलपेपर म्हणून मात्र लोकांनी त्याला विचारलं नाही. आपल्या बैठकीच्या खोलीची एक भिंत बबल रॅपने मढवलेली आहे, अशी कल्पना करून पाहा. का नाही विचारलं, ते लगेच कळेल.

दुसरा प्रयत्न : ग्रीनहाऊस

वॉलपेपर खपला नाही, तरी दोघांनी तो तुकडा फेकून दिला नाही. फुग्यांत हवा कोंडलेली आहे आणि स्थिर हवेतून उष्णता सहजासहजी पार होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. थंडीत आपण एका जाड शर्टाऐवजी दोन पातळ कपडे घातले तर जास्त ऊब मिळते, त्यामागेही हेच कारण आहे. दोन कपड्यांच्या मधली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून त्यांनी हे प्लास्टिक ग्रीनहाऊसमध्ये, म्हणजे झाडं उबेत ठेवण्यासाठी बांधलेल्या काचेच्या घरांमध्ये, आतून लावायला सुचवलं. या प्रयत्नातूनही धंदा उभा राहिला नाही. पण कल्पना चुकीची नव्हती. आज ब्रिटनसारख्या थंड देशांत हौशी बागकाम करणारे लोक हिवाळ्यात आपल्या ग्रीनहाऊसला आतून बबल रॅप लावतात. पोहण्याच्या तलावातलं पाणी गरम राहावं म्हणून त्यावर पसरतात ती फुग्यांची चादरही याच तत्त्वावर चालते.

फील्डिंग आणि शावान यांनी १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट १९६४ मध्ये मिळालं. त्याआधीच, १९६० मध्ये त्यांनी कंपनी काढली. नाव ठेवलं ‘सील्ड एअर’, म्हणजे बंदिस्त हवा. आपण नेमकं काय विकतोय, हे त्यांनी कंपनीच्या नावातच सांगून टाकलं होतं.

मग आला कॉम्प्युटर

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने ‘१४०१’ नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला. त्या काळातला हा अतिशय गाजलेला कॉम्प्युटर. पुढे त्याची १० हजारांहून अधिक यंत्रं बसवली गेली. कपाटाएवढं हे यंत्र नाजूक भागांनी भरलेलं होतं आणि ते कारखान्यातून निघून ग्राहकाच्या ऑफिसपर्यंत धक्के खात जाणार होतं.

तेव्हा पॅकिंगसाठी काय वापरत? चुरगळलेली वर्तमानपत्रं, लाकडाचा भुसा, गवत. आपल्याकडेही हापूसची पेटी उघडली की आधी पेंढा हाताला लागतो आणि मग आंबा. घर बदलताना कपबशा आजही रद्दीत गुंडाळल्या जातात. आंब्याला पेंढा चालतो. पण कॉम्प्युटरमध्ये भुसा गेला तर? वर्तमानपत्राची शाई लागली तर? शिवाय कागद एकदा दबला की दबलेलाच राहतो, दुसऱ्या धक्क्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सील्ड एअरमध्ये मार्केटिंग बघणारे फ्रेडरिक बॉवर्स यांनी नेमकी ही अडचण हेरली. त्यांनी आयबीएमकडे जाऊन बबल रॅप नाजूक वस्तूंचं संरक्षण कसं करतो ते दाखवलं. आयबीएमला ते पटलं आणि त्यांनी कॉम्प्युटर व सुट्या भागांच्या पॅकिंगसाठी तो घेतला. भिंतीवर आणि ग्रीनहाऊसमध्ये नापास झालेल्या वस्तूला अखेर तिचं काम सापडलं.

‘बबल रॅप’ हे खरं तर सील्ड एअरचं ट्रेडमार्क असलेलं नाव. पण आपण कुठल्याही कंपनीच्या फोटोकॉपीला जसं झेरॉक्स म्हणतो, तसंच याचंही झालं.

फुगा वस्तूला वाचवतो कसा?

क्रिकेटमध्ये जोरात आलेला चेंडू झेलताना फिल्डर हात थोडे मागे नेतो. हात ताठ ठेवले तर चेंडू एका क्षणात थांबतो आणि तळव्याला सणसणीत लागतो. हात मागे नेले की चेंडूला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि मार कमी बसतो.

बबल रॅपही हेच करतो. खोकं खाली पडलं की फुग्यातली हवा आधी दबते आणि मग परत पसरते. आतल्या वस्तूला थांबायला जास्त वेळ मिळतो आणि धक्का एकाच ठिकाणी न बसता अनेक फुग्यांत वाटला जातो. फुगा फुटला नाही, तर तो पुढच्या धक्क्याला पुन्हा तयार असतो.

तो बनवण्याची रीतही समजायला सोपी आहे. पॉलिथिनचे बारीक दाणे वितळवून त्याची पातळ फिल्म काढतात. ही फिल्म एका रोलरवरून जाते. रोलरवर गोल खळगे असतात आणि त्यांतून हवा खेचून घेतली जाते. त्यामुळे गरम फिल्म त्या खळग्यांत ओढली जाते आणि फुग्यांचा आकार घेते. लगेच तिच्यावर दुसरी सपाट फिल्म येऊन चिकटते आणि हवा आत कोंडली जाते. साध्या पॉलिथिनमधून हवा हळूहळू निसटते, फुगे मऊ पडतात. म्हणून चांगल्या दर्जाच्या बबल रॅपमध्ये हवा अडवणारा नायलॉनसारखा थरही असतो.

घरी वापरताना एवढं लक्षात ठेवा

फुग्यांची बाजू आत की बाहेर, हा प्रश्न अनेकांना पडतो. साधारणपणे फुगे वस्तूच्या बाजूला, म्हणजे आत ठेवावेत. सपाट बाजू बाहेर राहिली की चिकटपट्टीही नीट बसते.

लहान फुगे, साधारण १० मिलिमीटरचे, कपबशा, काचेचे ग्लास, फोटोफ्रेम अशा वस्तूंसाठी बरे. २५ मिलिमीटरच्या आसपासचे मोठे फुगे जड वस्तूंसाठी आणि खोक्यातल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी. वस्तू खोक्यात हलत असेल, तर भोवती कितीही बबल रॅप गुंडाळा, धोका राहतोच. खोकं बंद करण्याआधी हलकेच हलवून पाहा. आतून आवाज आला, तर अजून भरायला हवं.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसोबत कधी कधी गुलाबी बबल रॅप येतो. तो रंग दिसायला छान म्हणून नसतो. साध्या प्लास्टिकवर घर्षणाने स्थिर वीज साठते आणि ती नाजूक चिपला बिघडवू शकते. गुलाबी प्रकारात ती साठू नये अशी सोय केलेली असते.

रंगवलेल्या वस्तूंच्या बाबतीत जपून राहा. पेणच्या गणेशमूर्ती परदेशात जातात, त्यांच्या पॅकिंगमध्येही बबल रॅप दिसतो. पण रंग ओला किंवा ताजा असेल आणि फुगे थेट त्यावर टेकले, तर गोल ठसे उमटू शकतात. पेंटिंगचंही तसंच. आधी मऊ कागद, मग बबल रॅप. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यासारखी वस्तू महिनोन् महिने गुंडाळून ठेवू नका. बाहेरचा दमटपणा थोपवण्याऐवजी आत अडकलेला दमटपणाच धरून ठेवला जातो.

फोडल्यावर बरं का वाटतं?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथलीन डिलन यांनी विद्यार्थ्यांना बबल रॅप फोडायला देऊन अभ्यास केला. तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. फुगे फोडल्यानंतर विद्यार्थ्यांना आधीपेक्षा शांत आणि तरतरीत वाटलं, असं त्यात आढळलं. २००७ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने तर कधीच न संपणारा बबल रॅप म्हणून एक किचेन काढलं. बटण दाबा, फुगा फुटल्याचा आवाज ऐका, पुन्हा दाबा.

२०१४ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने वेगळाच उपयोग दाखवला. फुग्यांची आतली बाजू निर्जंतुक असते, म्हणून त्यांत सुईने द्रव भरून त्यांचा टेस्ट ट्यूबसारखा वापर करता येतो. जिथे प्रयोगशाळेचं साहित्य परवडत नाही, अशा ठिकाणांसाठी ही कल्पना होती.

हवेचं ओझं

आता पुन्हा हवेकडे येऊ. बबल रॅप हलका असल्यामुळे पार्सलचं वजन वाढत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण तो जागा मात्र भरपूर खातो. बबल रॅपचे रोल नेणारा ट्रक म्हणजे बहुतांशी हवा वाहून नेणारा ट्रक. म्हणूनच सील्ड एअरने २०१५ मध्ये असा प्रकार आणला, जो चपटा पाठवला जातो आणि गोदामात पोहोचल्यावर त्यात हवा भरली जाते. हवा भरण्याआधी त्याला जुन्या प्रकाराच्या सुमारे पन्नासावा भाग जागा लागते. यातले फुगे एकमेकांना जोडलेले असल्याने एक दाबला की हवा शेजारच्यात जाते आणि फुगा फुटत नाही. त्यामुळे बबल रॅप फोडायची आवड असलेले लोक तेव्हा चांगलेच हळहळले होते.

हीच अडचण कचऱ्यातही होते. भंगाराचा भाव वजनावर ठरतो. बबल रॅपचं भलंमोठं पोतं भरलं, तरी काट्यावर त्याचं वजन नावालाच. त्यात चिकटपट्टी आणि लेबलं चिकटलेली. मग बाटल्या, डबे उचलणारे हात त्याच्याकडे वळत नाहीत. पॉलिथिनचा पुनर्वापर तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण ते गोळा करणं परवडत नाही, तिथे गाडं अडतं.

१ जुलै २०२२ पासून देशात स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटं, पेले अशा काही वस्तूंवर बंदी आली. बबल रॅप त्या यादीत नाही. पॅकिंगमधल्या प्लास्टिकची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियम आहेत. काही विक्रेते जाळीदार कागद किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरू लागले आहेत. पण खोकं उघडल्यानंतरचा निर्णय आपल्याच हातात असतो.

न फुटलेला बबल रॅप घडी करून ठेवला, तर तो पुन्हा तितक्याच चांगल्या प्रकारे काम करतो. घर बदलताना, गौरीचे मुखवटे वर्षभरासाठी ठेवून देताना, गावी लोणच्याची बरणी पाठवताना तो उपयोगी पडेल. जवळच्या एखाद्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्याला विचारलं, तर तोही आनंदाने घेईल. टाकायचाच असेल, तर चिकटपट्टी काढून, फुगे फोडून, सुक्या कचऱ्यात टाका.

फोडण्याची मजा घ्यायलाही हरकत नाही. फक्त आधी चांगला, मोठा तुकडा बाजूला काढून ठेवा आणि कडेचा फाटका तुकडा मुलांच्या हातात द्या. कारण फुगा फुटला की त्यातली हवा निघून जाते आणि मग हातात उरतं ते फक्त प्लास्टिक.