कोविड-१९ महामारी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांची मनःस्थिती व झोप

कोविड-१९ महामारीच्या काळात (२०२०–२०२२) वैद्यकीय विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि झोपेची गुणवत्ता हा मानसोपचारशास्त्र, निद्राविज्ञान आणि वैद्यकीय शिक्षण या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासाचा विषय ठरला. टाळेबंदी, दूरस्थ अध्यापन, लांबलेल्या परीक्षा, संसर्गाची भीती आणि रुग्णसेवेतील प्रत्यक्ष सहभाग यांचा एकत्रित परिणाम या विद्यार्थ्यांवर झाला. महाराष्ट्रात हा परिणाम मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरता मर्यादित नव्हता. वसतिगृहे रिकामी झाल्यानंतर गावी परतलेल्या विद्यार्थ्यांच्या दिनचर्येतही तो दिसून आला.

पार्श्वभूमी

वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील नैराश्य आणि अपुरी झोप हे प्रश्न महामारीपूर्वीपासूनचे आहेत. २०१६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात जगभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणे, तर ११.१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आत्महत्येचे विचार आढळले होते. अभ्यासक्रमाचा विस्तार, वारंवार होणाऱ्या परीक्षा, रात्रपाळी आणि मृत्यूशी लवकर येणारा संबंध ही त्यामागील कारणे सांगितली जातात. जागरण हे परिश्रमाचे लक्षण मानण्याची वसतिगृहांतील प्रथाही त्यास हातभार लावते.

भारतातील कोविड-१९ चा पहिला रुग्ण स्वतः वैद्यकीय विद्यार्थी होता. चीनमधील वूहान येथून केरळात परतलेल्या या विद्यार्थ्याच्या संसर्गाचे निदान ३० जानेवारी २०२० रोजी झाले. महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांचे निदान ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाले. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली.

झोप व मनःस्थिती यांचा संबंध

झोपेचे नियमन प्रामुख्याने दोन प्रक्रियांनी होते, असे प्रतिमान अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडले. जागेपणाचा काळ वाढतो तसा झोपेचा दाब वाढत जातो, ही पहिली प्रक्रिया होय. दुसरी प्रक्रिया म्हणजे सुमारे चोवीस तासांच्या चक्रात चालणारे जैविक घड्याळ. मेंदूच्या अधश्चेतक भागातील पेशींचा एक लहान समूह हे घड्याळ चालवतो व प्रकाशाच्या आधारे ते दररोज जुळवून घेतो. सायंकाळनंतर शरीरात मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा तेजस्वी प्रकाश ही वाढ पुढे ढकलतो.

जेवणाची वेळ, वर्गाचे वेळापत्रक, प्रवास आणि लोकांच्या भेटीगाठी यांमुळेही दिनक्रमाला आधार मिळतो. टाळेबंदीत हे आधार एकाच वेळी नाहीसे झाले. त्यामुळे अंथरुणात घालवलेला वेळ वाढूनही झोप समाधानकारक न होण्याची स्थिती निर्माण झाली. रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा असतो. सकाळी घरी परतल्यावर त्यांच्यावर झोपेचा दाब असतो, परंतु त्याच वेळी जैविक घड्याळ जागेपणाचा संकेत देत असते. परिणामी दिवसाची झोप त्रोटक राहते.

झोप आणि मनःस्थिती यांचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. चिंतेमुळे झोप लागण्यास उशीर होतो किंवा ती मध्येच मोडते. अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते, एकाग्रता घटते आणि नकारात्मक भावना आवरणे कठीण जाते. दीर्घकाळ टिकणारा निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण असते, तसेच ते नैराश्याची जोखीम वाढवणारे स्वतंत्र कारणही असते.

मोजमाप

या विषयावरील बहुतांश अभ्यासांत प्रमाणित प्रश्नावल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे:

• पिट्सबर्ग निद्रा गुणवत्ता निर्देशांक (१९८९) : मागील एका महिन्याच्या झोपेविषयीचे १९ प्रश्न सात घटकांत विभागलेले असतात. एकूण गुण ० ते २१ असतात व ५ पेक्षा अधिक गुण हे निकृष्ट झोपेचे लक्षण मानले जाते.
• नैराश्य, चिंता व ताण मापनी : २१ विधानांच्या या मापनीत तिन्ही घटकांसाठी प्रत्येकी सात विधाने असतात.
• निद्रानाश तीव्रता निर्देशांक : सात प्रश्न, ० ते २८ गुण.

या प्रश्नावल्या चाळणीसाठी आहेत. त्यांवरून थेट निदान करता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञाची मुलाखत आवश्यक असते.

महाराष्ट्रातील घटनाक्रम

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे शिक्षण व परीक्षा मुख्यतः १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. मार्च २०२० नंतर वर्ग दूरस्थ पद्धतीने सुरू झाले. शवविच्छेदन, प्रयोगशाळेतील काम आणि रुग्णाच्या खाटेजवळील अध्यापन यांना मात्र पडद्यावर पर्याय नव्हता. आपले कौशल्य अपुरे राहील ही विद्यार्थ्यांची चिंता त्यातूनच उद्भवली. देशातील वैद्यकीय महाविद्यालये १ डिसेंबर २०२० पर्यंत पुन्हा उघडण्याचे निर्देश देण्यात आले. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा सप्टेंबर २०२० पर्यंत लांबल्यामुळे, एरवी ऑगस्टमध्ये सुरू होणारे पहिले वर्ष त्या तुकडीसाठी १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात कडक निर्बंध लागू झाले व विद्यापीठाच्या परीक्षा जूनपर्यंत पुढे गेल्या. १८ एप्रिलला होणारी पदव्युत्तर प्रवेश परीक्षाही स्थगित झाली. ती अखेर ११ सप्टेंबर २०२१ रोजी पार पडली. दरम्यान ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने आंतरवासितांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड सेवेत आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरील सल्ला व सौम्य रुग्णांच्या देखरेखीच्या कामात घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना रुग्णसेवा आणि तारीख अनिश्चित असलेल्या परीक्षेचा अभ्यास एकाच वेळी करावा लागला. परीक्षा पुढे गेल्याने विश्रांती मिळाली, असे म्हणता येत नाही, कारण तयारीचा ताणही तितकाच लांबला.

मराठवाडा व जालना जिल्हा

महामारीच्या काळात जालना जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते नंतर मंजूर झाले. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथील खाजगी महाविद्यालय वगळता जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या शिक्षणासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा त्याहून दूरच्या ठिकाणी राहावे लागे. भोकरदन तालुक्यातील राजूरसारख्या गावांतून गेलेल्या विद्यार्थ्याचे महाविद्यालयीन जीवन त्यामुळे वसतिगृहाशी बांधलेले असते. वसतिगृह बंद होणे म्हणजे निवास, अभ्यासिका, मित्रमंडळ आणि वेळापत्रक एकदम सुटणे होय.

राजूर हे तेथील गणपती मंदिरासाठी प्रसिद्ध आहे आणि अंगारकी चतुर्थीला तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून खुली झाली. महिन्याच्या कालगणनेत चतुर्थीला स्थान असलेल्या गावात सामूहिक जीवनाचा हा क्रमही खंडित झाला. ग्रामीण भागात घरी परतलेल्या विद्यार्थ्यांपुढे एकत्र कुटुंबात स्वतंत्र खोली नसणे, मोबाइलचे अस्थिर जाळे आणि भारनियमन या अडचणी असू शकत. दुसरीकडे घरचे जेवण, कुटुंबाचा सहवास आणि ठरावीक वेळी निजण्याची घरातील पद्धत यांचा झोपेला आधारही मिळू शकत असे.

लसीकरणाच्या पूर्वतयारीसाठी २ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रात झालेल्या रंगीत तालमीत पुणे, नागपूर व नंदुरबारसह जालना जिल्ह्याचाही समावेश होता. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले आणि त्या प्राधान्यगटात वैद्यकीय विद्यार्थ्यांचाही अंतर्भाव होता.

अभ्यासांचे निष्कर्ष

दक्षिण भारतातील एका वैद्यकीय महाविद्यालयातील २१७ विद्यार्थ्यांचा अभ्यास विशेष उल्लेखनीय ठरतो, कारण त्यातील पहिली पाहणी महामारीपूर्वी, डिसेंबर २०१९ मध्येच झाली होती. जून २०२० मध्ये त्याच विद्यार्थ्यांची पुन्हा पाहणी केली असता चिंतेचे प्रमाण २१.२ टक्क्यांवरून ३३.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. नैराश्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय बदल नव्हता. झोपेची निकृष्ट गुणवत्ता ही मानसिक त्रासाशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील ५४,२३१ व्यक्तींवरील ४४ शोधनिबंधांच्या विश्लेषणात झोपेच्या तक्रारींचे एकूण प्रमाण ३५.७ टक्के होते; आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये ते ३६ टक्के, तर सर्वसामान्यांमध्ये ३२.३ टक्के होते. इटलीत टाळेबंदीदरम्यान झालेल्या पाहणीत विद्यापीठीय विद्यार्थी उशिरा झोपू व उशिरा उठू लागल्याचे, अंथरुणातील वेळ वाढल्याचे आणि तरीही झोपेची गुणवत्ता घसरल्याचे आढळले.

मर्यादा

या काळातील बहुसंख्य पाहण्या महाजालावरील अर्जांद्वारे व एकाच वेळी केल्या गेल्या. ज्यांना त्रास होतो ते उत्तर देण्यास अधिक उत्सुक असू शकतात, आणि ज्यांच्याकडे चांगले जाळे नाही ते वगळले जातात. एकदाच केलेल्या पाहणीतून कारण कोणते व परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही. महामारीपूर्वीचा विदा नसल्यास वाढ झाली असे म्हणणेही अवघड ठरते.

उपाय व नंतरच्या घडामोडी

दीर्घकालीन निद्रानाशासाठी बोधात्मक वर्तनोपचार हा प्रथम पसंतीचा उपचार मानला जातो. रोज एकाच वेळी उठणे, सकाळचा सूर्यप्रकाश घेणे, अंथरुणात अभ्यास न करणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे आणि झोप न आल्यास अंथरूण सोडून उठणे ही त्यातील काही तत्त्वे होत. वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधे सहज उपलब्ध असल्याने स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेण्याचा धोका त्यांच्या बाबतीत अधिक असतो.

मात्र वैयक्तिक सवयी बदलून पाळ्यांचे वेळापत्रक बदलत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार पाहणीत सहभागी झालेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, आठवड्यातून एक सुटी असावी आणि रोज सात ते आठ तासांची झोप मिळावी, अशा शिफारशी या अहवालात आहेत.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘किरण’ ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी सुरू केली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हेही पाहा

• निद्रानाश
• जैविक घड्याळ
• महाराष्ट्रातील कोविड-१९ महामारी
• महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
• राजूर (भोकरदन)