पाणी नको, वाळूही नको : क्लोरीन ट्रायफ्लोराईडविषयीचे गैरसमज

परभणीत नीटची तयारी करणाऱ्या बारावीच्या मुलांना क्लोरीन ट्रायफ्लोराईड माहीत असतो तो त्याच्या आकारामुळे. क्लोरीनचा एक अणू, त्याला फ्लोरीनचे तीन, आणि रेणूचा आकार इंग्रजी 'टी'सारखा. प्रश्न सुटतो, मुलं पुढे जातात. पण हा पदार्थ वागतो कसा, असं विचारलं की जी उत्तरं येतात त्यांत खरं-खोटं मिसळलेलं असतं. ते वेगळं करायलाच हवं, कारण आगीबद्दलचे आपले ठोकताळे इथे उलटे पडतात.

"भयंकर ज्वलनशील वायू आहे," हे सर्रास ऐकू येतं. वस्तुस्थिती अशी की तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. एरवी जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. इथे ते काम फ्लोरीन करतो, आणि ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जोरात. रेणूतले बंध तुलनेने कमकुवत असल्यामुळे फ्लोरीन सुटून दुसऱ्याला चिकटायला कायम तयार असतो. जिनिंगमधला कापूस पेटायला ठिणगी लागते. या वायूचा नुसता स्पर्श पुरतो. लाकूड, रबर, ग्रीस यांचीही तीच गत.

मग विझवायचं कसं? "पाणी मारा, नाहीतर वाळू टाका." सगळ्यांत घातक गैरसमज हाच. पाण्याशी त्याची स्फोटक अभिक्रिया होते आणि हायड्रोजन फ्लोराईड, हायड्रोजन क्लोराईड असे विषारी वायू निघतात. वाळूचं तर नवलच वाटतं. वाळू म्हणजे सिलिकॉन डायऑक्साईड. त्यातल्या सिलिकॉनने ऑक्सिजन आधीच घेतलेला असतो, म्हणून साध्या आगीत ती जळत नाही. पण सिलिकॉन आणि फ्लोरीन यांचा बंध त्याहूनही पक्का असतो. फ्लोरीन येतो, ऑक्सिजनला हुसकावून लावतो आणि त्याची जागा घेतो. विटा, काँक्रीट, ॲस्बेस्टॉस यांच्याही बाबतीत हेच घडतं. अमेरिकी रसायनतज्ज्ञ जॉन क्लार्क यांनी रॉकेट इंधनांवरच्या १९७२ च्या पुस्तकात एक अपघात नोंदवला आहे. सुमारे टनभर द्रव सांडला आणि त्याने जवळपास ३० सेंटीमीटर काँक्रीट खाऊन खालच्या ९० सेंटीमीटर खडीतही वाट काढली. अशा वेळी गळती दुरून बंद करता आली तर करायची, नाहीतर माणसं वारा येतो त्या बाजूला लांब न्यायची आणि पदार्थ संपेपर्यंत थांबायचं.

"असा पदार्थ कशात ठेवताच येणार नाही," हेही खरं नाही. १९३० मध्ये जर्मनीत रुफ आणि क्रुग या रसायनतज्ज्ञांनी तो तयार केला, तेव्हापासून तो साठवला जातो आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शस्त्र म्हणून त्याचं उत्पादनही केलं. निकेल, तांबं, पोलाद यांच्या पृष्ठभागावर त्याच्यामुळे धातूच्या फ्लोराईडचा पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो. अट एकच: नळी-झडपा पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. आत राहिलेला तेलाचा थेंब आग लावू शकतो. एवढी काळजी घेऊन आज तो चिप बनवण्याच्या यंत्रांतला सिलिकॉनचा थर साफ करायला वापरतात.

तो कायम वायूच असतो असंही नाही. त्याचा उत्कलनबिंदू ११.७५ अंश सेल्सिअस. परभणीचा पारा थंडीत कधी दहाच्या खाली जातो. अशा पहाटे तो फिकट पिवळसर-हिरवा द्रव असेल, आणि मे महिन्याच्या दुपारी रंगहीन वायू. हवेपेक्षा तिपटीहून जड असल्याने तो सखल जागी साचतो.

"म्हणजे क्लोरीनसारखाच की!" नाही. क्लोरीन गावोगावी ओळखीचा आहे. विहिरीत, टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरचा वास त्याचाच. क्लोरीन धोकादायक आहेच. १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीजवळ पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून तो गळला आणि शंभरहून अधिक लोकांना त्रास झाला. टीसीएलमध्ये संडास धुण्याचं ॲसिड मिसळलं तर घरातही तो तयार होतो. ते कधीही करू नका. पण क्लोरीन ट्रायफ्लोराईडची कामाच्या जागी सोसायची कमाल मर्यादा हवेच्या एक कोटी भागांत एक भाग इतकी कमी आहे. शिवाय त्यातून होणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून त्या भाजण्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम लागतं, साधं बर्नॉल नव्हे.

उलट टोकाचा गैरसमज असा की दोन हॅलोजनांची, म्हणजे फ्लोरीन, क्लोरीन, आयोडीन अशा मूलद्रव्यांची, सगळीच संयुगं अशी राक्षसी असतात. आयोडीन मोनोक्लोराईड याच कुळातला. लालसर तपकिरी, साधारण २७ अंशांना वितळणारा. तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं त्याच्यावाचून अडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण दिला. त्या करडईचं तेल किती असंतृप्त, हे आयोडीन मूल्यावरून कळतं. मोजून घेतलेल्या तेलात विज द्रावण, म्हणजे ॲसेटिक आम्लातला आयोडीन मोनोक्लोराईड, घालतात, बूच लावून फ्लास्क अंधारात ठेवतात. मग पोटॅशियम आयोडाईड घालून थायोसल्फेटने अनुमापन. शेवटी स्टार्चचे थेंब पडले की निळा रंग येतो, आणि तो जाईपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचा. करडईचं मूल्य १४० च्या आसपास येतं, भुईमुगाचं ९० च्या. हे द्रावणही कातडी जाळतं आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. म्हणून ते धूर खेचणाऱ्या कपाटातच, हातमोजे आणि चष्मा घालून काढायचं, आणि पिपेट तोंडाने कधीच ओढायची नाही.