घरगुती चित्रफितींची मूळ प्रत

लग्न, दुकानाचा मुहूर्त, तीर्थयात्रा, एखाद्या आप्ताची दीक्षा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील असे प्रसंग अनेक घरांत व्हीएचएस कॅसेटमध्ये बंद होऊन कपाटात पडले आहेत. आजोबांचा चालता-बोलता आवाज कित्येक कुटुंबांकडे तेवढ्या फितीतच उरला आहे. व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे विरळ होत आहेत आणि आपल्याकडील पावसाळी दमटपणात फितीवर बुरशी धरते. त्यामुळे रूपांतर लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

रूपांतर करून देणारा बहुधा एवढेच विचारतो, ‘डीव्हीडी हवी की पेन ड्राइव्ह?’ ही दोन्ही केवळ भांडी झाली. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, हा खरा प्रश्न.

आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र न दाबता संगणकात घेतले, तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. डीव्हीडीची क्षमता अवघी ४.७ जीबी, तीत एक-दोन तासांचे चित्रण बसवायचे म्हणजे बराच तपशील टाकून द्यावा लागतो. डोळ्यांना सहज न जाणवणारा भाग गाळणे हेच अशा संक्षेपणाचे तंत्र आहे. जुन्या फितीत मात्र चित्रभर बारीक कण नाचत असतात. हे कण आणि चेहऱ्यावरील रेषा यांतील भेद त्या तंत्राला नीट कळत नाही, आणि जागा अपुरी असली की चेहरे मेणाचे दिसू लागतात. गाळलेले परत मिळत नाही. पुढे नवी पद्धत आली की गाळलेल्यातूनच पुन्हा गाळावे लागते. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. कीर्दच रद्दीत गेली तर काय करणार?

म्हणून प्रती दोन हव्यात. मूळ प्रतीसाठी एफएफव्ही१ ही पद्धत आणि एमकेव्ही फाइल योग्य ठरते. एफएफव्ही१ जागा वाचविते, पण एक बिंदूही गमावत नाही. तिचा आराखडा सर्वांना खुला असून २०२१ मध्ये तो आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झाला. व्हीएचएसच्या तासाभराला साधारण ३० जीबी धरावेत. एक टीबीच्या डिस्कवर तीन-तीन तासांच्या दहा कॅसेट मावतात; लग्नाच्या खर्चापुढे ही रक्कम ती काय!

पाहण्यासाठी आणि नातेवाइकांना पाठविण्यासाठी एमपी४ फाइलमधील एच.२६४ पुरे. २००३ पासूनची ही पद्धत जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर व मोबाइलवर चालते, आणि तासाला दोन-सव्वादोन जीबीत चित्र चांगले राहते. २०१३ ची एच.२६५ जवळपास निम्म्या जागेत तेच काम करते, परंतु जुने टीव्ही तिला नकार देतात. एवढ्याशा बचतीसाठी घरातील ज्येष्ठांची अडचण करू नये.

मिनीडीव्ही कॅसेटची गोष्ट निराळी. तीत चित्र आधीच डिजिटल असते. फायरवायर जोडणीतून तासाला १३ जीबीची फाइल जशीच्या तशी उतरते. तीच मूळ प्रत. ते कष्ट वाचविण्यासाठी काही जण साध्या एव्ही केबलने चित्रण पुन्हा टिपून घेतात, त्याला स्पष्ट नकार द्यावा.

आणखी एक मुद्दा ठरवून घ्यावा. जुन्या चित्रणात सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात, प्रत्येकात एकाआड एक ओळी. ती घाईने जोडली की वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. मूळ प्रतीत ही अर्धी चित्रे तशीच ठेवावीत आणि पाहण्याच्या प्रतीत सेकंदाला ५० पूर्ण चित्रे करून घ्यावीत.

मूळ प्रत दोन डिस्कवर असावी, एक घरी आणि एक परगावच्या भावाकडे. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहाव्यात. बुरशी धरलेली कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटला लागते. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहावा. मांडवात कोण कोण बसले आहे, हे आजीला शेजारी बसवून विचारावे आणि त्याच डिस्कवर नोंदवून ठेवावे.