आधी सांगून ठेवणं

गेल्या वेळच्या चर्चेत एकाने विचारलं होतं, की संस्थेने लोकांना काय आणि कधी सांगायचं हे महिनाभर आधी ठरवून ठेवलं, तर त्या बोलण्यात खरेपणा उरतो का? प्रश्न चांगला आहे. ठरवून बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं आम्हालाही पूर्वी वाटायचं.

१९३० सालचा मिठाचा सत्याग्रह घ्या. २ मार्चला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून कायदा मोडण्याचा बेत कळवला. पत्र नेलं रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाने. निरोप कोण नेतो, हाही निरोपाचाच भाग असतो बरं का! १२ मार्चला कूच झालं, यात्रींची नावं 'यंग इंडिया'त छापली गेली. मीठ उचलायला ६ एप्रिल निवडला, कारण १९१९च्या हरताळाचा तो स्मरणदिन. आपल्याला अटक झाली तर पुढे अब्बास तैयबजी, हेही ठरलेलं.

पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वाटेवरच्या गावांकडून आधीच माहिती मागवली होती: लोकसंख्या किती, चरखे किती, गुरं किती, शेतसारा किती. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण टुकडी' पुढे जाऊन ती गोळा करायची. नियोजन म्हटलं की आपण बोलण्याचं धरतो. इथे आधी ऐकण्याचं होतं.

आणि तरी चुकलंच. यात्रींसाठी सुरतेहून मोटारीने दूध येऊ लागलं. साधेपणाचा निरोप आणि हे दूध, मेळ बसेना. भाटगामच्या सभेत गांधीजींनी ते सगळ्यांसमोर काढलं. आधी सांगून ठेवलेला शब्द असा सांगणाऱ्यालाच धरतो. कांटने १७९५ मध्ये 'शाश्वत शांतता' या निबंधात म्हटलंय, की दुसऱ्यांच्या हक्कांना भिडणारं ज्याचं सूत्र उघड करता येत नाही, ते कृत्य अन्याय्य. आधी जाहीर करणं ही तीच परीक्षा.

आता आमचीच गोष्ट. एका संस्थेत वसतिगृहाची फी वाढली. गरजूंना सवलत होती. पत्रकाचा मसुदा आम्हीच केला, पण "सगळं नक्की झालं की लावू" म्हणत तो दीड महिना खणात ठेवला. फळ्यावर लागला तेव्हा अर्जाची मुदत संपली होती, आणि दोन मुली शिक्षण सोडून गावी गेल्या होत्या.