बैठकीवाचून संघटना : साथीच्या काळातील केरळची कुडुंबश्री

संघटना म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही कामगार चळवळीत वावरलेली माणसे त्याचे उत्तर पुस्तकात शोधावयास जात नाही. आमच्या लेखी संघटना म्हणजे बैठक. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी माणसे एकत्र बसतात, वर्गणी देतात, गाऱ्हाणी मांडतात, प्रसंगी भांडतात आणि काही ठरवून उठतात. हे चालू आहे तोवर संघटना जिवंत आहे असे समजावे. मालकाने कारखान्याच्या दाराला कुलूप ठोकले तर त्याला आपण टाळेबंदी म्हणतो, आणि तिच्यावरचा आमचा पहिला उपाय ठरलेला असतो : सर्वांनी दारापुढे जमावे. मार्च २०२० मध्ये मराठीने हाच शब्द निराळ्या गोष्टीला लावला. ही टाळेबंदी अशी होती की तिच्यात जमणे हाच अपराध ठरला. मग ज्या संघटनेचा सारा प्राण बैठकीत आहे, तिने अशा वेळी काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर केरळातील स्त्रियांनी कृतीने दिले. ते उत्तर कोणते, त्यात काय साधले आणि काय साधले नाही, एवढेच आम्ही येथे सांगणार आहो.

प्रथम ही संस्था काय आहे ते पाहू. 'कुडुंबश्री' या मल्याळम नावातले कुडुंब म्हणजे आपलेच कुटुंब. घराची श्री, घराचे ऐश्वर्य, असा त्याचा अर्थ. केरळ सरकारची ही दारिद्र्यनिर्मूलनाची योजना १७ मे १९९८ रोजी मलप्पुरम येथे त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्या आधी आलप्पुळा शहरात आणि मलप्पुरम जिल्ह्यात असे प्रयोग होऊन गेले होते. तिची रचना तीन मजल्यांची आहे. तळाला 'अयल्कूट्टम'. अयल म्हणजे शेजार आणि कूट्टम म्हणजे मेळावा. एका आळीतल्या दहा ते वीस घरांतील स्त्रिया, प्रत्येक घरची एक. अशा शेजारगटांचा वॉर्डपुरता एक संघ आणि सर्व वॉर्डांचा मिळून पंचायतीपुरता किंवा नगरपालिकेपुरता एक मोठा संघ. कारभारणी निवडून येतात आणि त्यांची मुदत तीन वर्षांची असते. राज्यात असे सुमारे तीन लाख गट असून त्यांच्या सदस्या चाळीस लाखांहून अधिक आहेत. कोणत्याही कामगार महासंघाने हेवा करावा अशी ही संख्या आहे.

आता या गटाची बैठक काय काम करते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ती बंद पडल्यावर नेमके काय बंद पडले हे त्यावाचून कळणार नाही. स्त्रिया दर आठवड्याला पाळीपाळीने एकीच्या घरी बसतात. तेथे बचतीचे पैसे गोळा होतात. कोणाला कर्ज द्यावयाचे ते सर्वांसमक्ष ठरते, आणि कोणाचा हप्ता चुकला तेही सर्वांसमक्ष कळते. म्हणजे बैठक ही पेढी आहे आणि हिशेबतपासणीही आहे. पंचायतीच्या योजना तेथे समजतात आणि गटाच्या मागण्या तेथूनच वर जातात. म्हणजे ती ग्रामसभेची पायरी आहे. आणि कोणाच्या नवऱ्याने मारले, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे न सांगताही तेथे कळते. चेहरा पाहून जे समजते ते नोंदवहीत सापडत नाही.

भारतातील कोविडचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळातच, त्रिशूर येथे आढळला. २५ मार्चपासून देश बंद झाला. बैठकीची ही सारी कामे एका दिवसात उघडी पडली. ती एकेक करून कशी उचलली गेली ते पाहण्यासारखे आहे.

पहिले काम बातमीचे. साथीत जंतूच्या मागोमाग अफवा पसरते. या स्त्रियांनी हातातल्या फोनचा उपयोग केला. सुमारे १ लाख ९० हजार व्हॉट्सॲप गट उभे राहिले आणि त्यांत सुमारे २२ लाख स्त्रिया जोडल्या गेल्या. हात कसे धुवावे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसे जपावे, सरकारचा नवा हुकूम काय आहे, ही माहिती वरपासून आळीपर्यंत थोड्या वेळात पोचू लागली. परंतु एकूण सदस्या चाळीस लाखांवर आणि फोनवर २२ लाख, म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रिया या जाळ्याबाहेर राहिल्या. येथे शेजारगट हा शेजाऱ्यांचाच आहे, ही गोष्ट कामी येते. फोन नसलेलीचे घर दोन कुंपणे सोडून असते. तिला हाक मारून सांगता येते. कामाच्या ठिकाणी बांधलेल्या आमच्या संघटनांना ही सोय नव्हती. कारखाना बंद झाला आणि आमचा सभासद कुठल्या गावी निघून गेला हे आम्हाला कळेनासे झाले.

दुसरे काम अन्नाचे. मार्चच्या अखेरीस केरळ सरकारने गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे काढण्याचे ठरविले. जबाबदारी पंचायत-नगरपालिकांची, आणि चुलीपुढे मुख्यतः कुडुंबश्रीच्या स्त्रिया. थोड्या दिवसांत अशी सुमारे १,२०० स्वयंपाकघरे चालू झाली. ज्याला परवडत असेल त्याला २० रुपयांत जेवण, आणि निराधारांना फुकट. एवढी स्वयंपाकघरे इतक्या लवकर उभी राहिली याचे मर्म भांड्यांत आणि तांदळात नाही. तांदूळ सरकारजवळ असतोच. अडते ते यादीपाशी. कोणाला जेवण हवे आहे, कोण मागावयास लाजतो आहे, कोणत्या खोलीत परप्रांतीय मजूर अडकले आहेत, ही यादी कचेरीत तयार होत नाही. ती वीस वर्षे शेजारी बसून तयार झालेली असते. २०१८ च्या महापुरात याच स्त्रियांनी चिखलाने भरलेली घरे धुऊन काढली होती. संकटात कोणी काय करावयाचे याचा सराव झालेला होता.

तिसरे काम पैशाचे. रोजगार बुडाला, तेव्हा बचत कोठून होणार आणि जुने हप्ते कोठून फिटणार? १९ मार्च २०२० रोजी केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी २०,००० कोटी रुपयांची जी योजना जाहीर केली, तीत २,००० कोटी रुपये कुडुंबश्रीच्या गटांमार्फत कर्जरूपाने देण्याचे ठरले होते. कर्ज बँकेने द्यावयाचे, व्याजाचा भार सरकारने उचलावयाचा, आणि सदस्येला २०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळावयाची, अशी ती व्यवस्था होती. सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा हे शंभरपट बरे, यात शंका नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : व्याज माफ झाले तरी मुद्दल फेडावेच लागते. बुडालेल्या मजुरीची भरपाई कर्जाने झाली, म्हणजे संकटाचा बोजा आजच्या घरावरून उद्याच्या त्याच घरावर ठेवला गेला.

यांखेरीज शिवणकाम करणाऱ्या गटांनी कापडी मुखपट्ट्या शिवल्या. आपल्याकडच्या बचत गटांनीही त्या शिवल्या, हे आपण पाहिले आहे. 'स्नेहिता' या नावाची त्यांची जी स्त्रीमदत केंद्रे आहेत, त्यांनी फोनवरून धीर देण्याचे काम चालू ठेवले. ते फार गरजेचे होते, कारण मारहाण करणारा आणि मार खाणारी यांना टाळेबंदीने एकाच खोलीत कोंडले होते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून टाळ्या वाजवाव्या असे कोणासही वाटेल, आणि टाळ्या रास्तच आहेत. पण टाळ्यांनी हिशेब पुरा होत नाही, हे सांगणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

एक गोष्ट लोकशाहीची. कुडुंबश्रीच्या आधीच्या निवडणुका जानेवारी २०१८ मध्ये झाल्या होत्या. मुदत तीन वर्षांची, पण पुढच्या निवडणुका झाल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. साथीमुळे उशीर होणे समजण्यासारखे आहे. परंतु जी संघटना वर सरकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि खाली स्त्रियांच्या हाती अशी दुहेरी चालते, तिच्यात निवडणूक लांबली की पारडे आपोआप वरच्या बाजूला झुकते. हुकूम फोनवरून खाली जातो तितक्या सहज तक्रार फोनवरून वर येत नाही. बैठकीत दहाजणी मिळून 'हे आम्हास मान्य नाही' असे म्हणू शकतात; फोनवर ज्या त्या एकट्या असतात.

दुसरी गोष्ट श्रमाच्या मोलाची. शेजारगटातील कार्यकर्ती मानधनावाचून राबते. शांततेच्या काळात आठवड्याचे दोन तास ती हौसेने देते. साथीत मात्र हेच काम दिवसभराचे होते. त्याला 'सेवा' म्हटले की मजुरीचा प्रश्न विचारणे असभ्य ठरते. पुढे काय झाले ते पाहा. केरळ सरकारने २० रुपयांत जेवण देणारी 'जनकीय' हॉटेले कुडुंबश्रीच्या गटांकडून चालविली. त्यांची संख्या हजारावर गेली. एका जेवणामागे सरकारने १० रुपये अनुदान द्यावयाचे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हे अनुदान बंद झाले व जेवणाचा दर ३० रुपये झाला. मागच्या अनुदानाची रक्कम अनेक गटांची थकलेली होती. ज्यांनी गावाला जेवू घातले त्याच स्त्रियांना त्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर आपल्या पैशासाठी धरणे धरावे लागले. साथीत गौरव झाला आणि साथ सरताच उधारी मागे राहिली!

हे केरळातच झाले असे नाही. आपल्या महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्या घरोघर फिरून रुग्ण शोधीत होत्या आणि त्यांनाही कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हटले जात होते. अखेर १५ जून २०२१ पासून त्यांनी संप पुकारला आणि मानधनात वाढ मान्य झाल्यावरच तो मागे घेतला. सेवा आणि मजुरी यांचे वैर नाही. डॉक्टर सेवा करतो आणि वेतनही घेतो. मग तोच न्याय भात शिजविणाऱ्या बाईला का नसावा?

आता आपल्यापुरता बोध. केरळचे उदाहरण जसेच्या तसे उचलून येथे लावता येणार नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरावयाचा फोन हाताशी असलेल्या स्त्रिया केरळात शंभरांत सुमारे ८७ आणि महाराष्ट्रात सुमारे ५५ आढळल्या. घरात फोन असणे निराळे आणि बाईच्या हातात असणे निराळे. ज्या बचत गटाचा सारा निरोप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येतो, त्या गटाची बैठक बंद पडली की गटच बंद पडतो.

म्हणून आपल्या गावातील महिला मंडळांनी आणि बचत गटांनी चांगल्या दिवसांतच तीन गोष्टी करून ठेवाव्या असे आम्हास वाटते. प्रत्येक सदस्येपर्यंत कोणी पोचावयाचे, हे नावनिशीवार ठरवून लिहून ठेवावे. फोन बंद असला तरी शेजारीण बंद नसते. बचतीच्या पैशातून अडीअडचणीचा वेगळा निधी ठेवावा, म्हणजे पहिल्या महिन्यातच कर्जाला हात पसरावा लागणार नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : संकटात कोण किती तास राबली याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. आभाराची पत्रे फाईलीत राहतात. तासांची नोंद असली तर तिच्या बळावर हक्काने मागता येते.

साथ पुन्हा येईल की न येईल हे वैद्यांनी सांगावे. पूर, दुष्काळ आणि बेकारी तर येतच असतात. अशा वेळी सरकारचा धान्यसाठा आणि भुकेले घर यांच्यामध्ये जी शेवटची शंभर पावले असतात, ती गल्लीतल्या बायकाच चालतात. त्यांनी ती चालावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्या गावाने त्या पावलांचे मोलही चुकते केले पाहिजे.